चिनी मुलं मिसळत नाहीत म्हणतेस, पण मिसळायचं कुठं?

प्रश्न: ताई, मी सांगलीची, पुण्यात इंजिनीअरिंग केलं आणि आता अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत एमएस करतेय. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये पाच जण, त्यातले तिघं चिनी. मीटिंगमध्ये ते आपापसात चिनीत बोलतात, काय ते ठरवून मोकळे होतात आणि आम्हा दोघांना नंतर कळतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला तर दोन-दोन दिवस बघत पण नाहीत. माझी फ्लॅटमेटसुद्धा चिनी, चेंगडूची. वाईट नाहीये, पण खोलीचं दार कायम बंद. दिवाळीला मी या चौघांना इंडियन असोसिएशनच्या प्रोग्रॅमला आवर्जून बोलावलं, आले, कोपऱ्यात फोन बघत बसले आणि अर्ध्या तासात गेले. एकदा जेवताना मी तिला सहज विचारलं की गलवानबद्दल तुम्हाला तिकडे काय सांगितलं, तर ती ताट उचलून आतच गेली. तिने मध्ये एकदा हॉटपॉटला बोलावलं होतं पण मी व्हेज म्हणून नाही म्हटलं, त्यानंतर काही विचारलं नाही. बाबा म्हणतात चार हात लांबच राहा त्यांच्यापासून. हे लोक मुद्दाम मिसळत नाहीत का? ग्रुपमध्ये इंग्लिश कंपल्सरी करा असा प्रोफेसरांना मेल लिहून ठेवलाय, पाठवू का?

उत्तर:

अगं, पहिलं काम म्हणजे तो मेल पाठवू नकोस. असं काही लेखी गेलं की ते कुठल्या कुठे जातं हे ड्यूक युनिव्हर्सिटीत दिसलंय. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्स प्रोग्रॅमच्या डायरेक्टर बाईंनी मुलांना मेल टाकला, की दोन प्राध्यापक माझ्याकडे आले होते, काही मुलं लाउंजमध्ये मोठमोठ्याने चिनीत बोलत होती, त्यांना त्या मुलांची नावं हवी आहेत म्हणजे उद्या ती इंटर्नशिपसाठी आली तर लक्षात राहील, तेव्हा बाबांनो बिल्डिंगमध्ये असेपर्यंत शंभर टक्के इंग्लिशच बोला. बाईंचा हेतू चांगला असेलही, मुलांचं नुकसान होऊ नये हाच असेल, पण स्क्रीनशॉट पार चीनपर्यंत फिरले, डीनला माफी मागावी लागली आणि बाईंना डायरेक्टरपद सोडावं लागलं. आणि मुलं बोलत होती कुठं, तर लाउंजमध्ये! तिथं पण माणसाने आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणजे कमाल झाली.

तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, ती खरीच आहे, पण ती चिनी भाषेची नाहीये. काय ठरलं ते तुला कळत नाही ही तुझी अडचण. त्या तिघांनी कन्नडात ठरवलं असतं तरी तू एवढीच चिडली असतीस, आणि सांगलीची असल्यामुळे कदाचित अर्धं कळलं पण असतं. मग उपाय पण त्याच अडचणीवर कर. प्रत्येक मीटिंगची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं शेअर्ड डॉकमध्ये इंग्लिशमध्ये लिहायचं, आणि लिहायचं काम पाळीपाळीने पाचही जणांनी करायचं, तू एकटीने कारकुनी अंगावर घेऊ नकोस नाहीतर शेवटपर्यंत तीच करत बसशील. डॉकमध्ये नाही ते ठरलेलंच नाही असा सरळ नियम. हा नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे कुणाला बोट दाखवल्यासारखं वाटत नाही, आणि मधे ते चिनीत बोलले तर बोलू देत, अवघड गोष्ट आधी आपल्या भाषेत पक्की करून घ्यायची सवय असते माणसाला. तू आणि तो दुसरा देसी मुलगा मीटिंगमध्ये हिंदीत कुजबुजत नाही का कधी? (पत्रात 'आम्हा दोघांना' म्हटलंयस, मी धरून चालले की तो देसीच असणार. नसला तर सॉरी.)

आता व्हॉट्सॲपचं बघ. चीनमध्ये व्हॉट्सॲप २०१७ पासून बंद आहे, फेसबुक त्याच्याही आधीपासून. या मुलांचा सगळा संसार वीचॅटवर असतो, आईबाबा तिथं, शाळेतले मित्र तिथं, रूम शोधणं, जुना सोफा विकणं, एअरपोर्टला कोण नेणार ते ठरवणं, सगळं तिथंच. तुझ्या ग्रुपसाठी त्यांनी व्हॉट्सॲप टाकलं असेल फोनमध्ये, पण ते उघडायची सवय कुठून असणार, तू टेलिग्राम दिवसातून किती वेळा उघडतेस? आणि गंमत म्हणजे वीचॅटवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी आहे, टिकटॉक ज्या ५९ ॲप्सच्या यादीत गेलं त्याच यादीत ते पण गेलं. म्हणजे त्यांचं ॲप आपल्या सरकारने बंद केलेलं, आपलं ॲप त्यांच्या सरकारने, आणि तुम्ही पाच जण अमेरिकेत बसून एकमेकांवर रुसलाय की मेसेज का बघत नाही. तिसरीकडे जा ना. डिस्कॉर्ड, स्लॅक, टीम्स, जे तुमच्या कोर्सला वापरत असतील ते.

मीटिंगमध्ये ते गप्प असतात, किंवा एकमेकांशीच बोलतात, याबद्दल मी स्वतः पाहिलेलं सांगते. मी काही वर्षं तिकडे टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट होते, डिस्कशन सेक्शन घ्यायचे. एक चिनी मुलगा कायम पुढच्या बाकावर. मी प्रश्न विचारला की तो बोलायच्या ऐवजी वहीत लिहायला लागायचा, पूर्ण वाक्य, मग मधेच थांबून इंग्लिशमधला 'द' (the) खोडायचा, परत घालायचा, आणि त्याचा हात वर येईपर्यंत दोन अमेरिकन मुलं काहीतरी अर्धवट बोलून विषय तिसरीकडे घेऊन गेलेली असायची. मग तो पेनाला टोपण लावून गप्प बसायचा. पेपरमध्ये मात्र हाच पोरगा सगळ्यात वर. शेवटी मी प्रश्न विचारला की सगळ्यांनाच दोन मिनिटं लिहायला द्यायला लागले, तेव्हा कुठे त्याचा आवाज वर्गाला ऐकू आला. त्यांची ती गाओकाओ परीक्षा असते ना जूनमध्ये, आपल्या बारावी आणि जेईई एकत्र केल्यासारखी, त्यात इंग्रजीचा पेपर असतो, पण भर सगळा वाचन, व्याकरण, लिहिण्यावर, बोलण्याला जवळपास भावच नाही. तू पुण्यात इंजिनीअरिंग केलंयस, मराठी मीडियमची पोरं फर्स्ट इयरला कशी व्हायव्हाला घामाघूम व्हायची आणि आपापलं कोंडाळं करून बसायची ते बघितलंच असशील, कदाचित तू त्या कोंडाळ्यातच असशील. त्यांना कुणी माणूसघाणे म्हटलं असतं का? त्यामुळे मीटिंगचा अजेंडा आदल्या रात्री टाकत जा. एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो, कारण विचार करून यायला वेळ मिळतो.

आणि कोंडाळ्याचं म्हणशील तर आपण कुठे मागे आहोत गं. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते आणि चिनी २,७७,३९८, म्हणजे आता संख्येने आपणच पुढे आहोत, आणि आपल्या घोळक्याबद्दल तिथली पोरं काय बोलतात हे मी सांगायची गरज नाही. देसी अपार्टमेंट, देसी कारपूल, पटेल ब्रदर्स या देसी किराणा दुकानाच्या वाऱ्या. स्टीफन बॉकनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९७७ साली हवाईत परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीवर अभ्यास केला होता, त्यात त्यांना तीन वर्तुळं दिसली, एक आपल्या देशातल्यांचं, त्यात जीव रमतो, दुसरं यजमान देशातल्यांचं, त्यातून अभ्यासाची-कामाची गाडी चालते, आणि तिसरं इतर परदेशी मुलांचं, ते मजेसाठी. पहिलं वर्तुळ ही अडचण नाहीच, तो आधार आहे, नवीन गावात भाड्याचं घर मिळण्यापासून ताप आल्यावर खिचडी मिळण्यापर्यंत सगळं त्यातूनच होतं. गोची होते ती बाकीची दोन रिकामी राहिली की. तुझ्या फ्लॅटमेटचं तिसरं वर्तुळ म्हणजे सध्या बहुतेक तू एकटी असशील.

तुला एक जुनी गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. १८७२ पासून चीनच्या बादशाही सरकारने दरवर्षी ३० अशी चार वर्षांत १२० मुलं अमेरिकेत शिकायला पाठवली, बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि त्यांना हार्टफर्डच्या आसपास अमेरिकन कुटुंबांच्या घरीच ठेवलं. ही सगळी खटपट युंग विंग यांची, ते स्वतः १८५४ साली येलमधून पदवी घेतलेले, अमेरिकन कॉलेजातून पदवी घेणारे पहिले चिनी. मुलं इतकी मिसळली की बेसबॉलची टीम काढली, चर्चला जायला लागली, काहींनी शेंडीवजा वेणी कापून टाकली, आणि १८८१ मध्ये सरकारने घाबरून सगळ्यांना परत बोलावून घेतलं, का, तर पोरं फारच अमेरिकन झाली! त्यातलाच एक चान तिएन्यू, येलला इंजिनीअरिंग शिकलेला, त्याने पुढे बीजिंग ते झांगजियाको रेल्वे बांधली. म्हणजे मिसळले म्हणून एकदा घरच्यांनी कान धरले, आणि पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी कामगारांना यायला बंदी करणारा कायदा केला. आता परत आपण विचारतोय की हे मिसळत का नाहीत.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १८८३ ला, आपली आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरली. तिचं तिथं निभावलं ते कुठल्या असोसिएशनच्या कार्यक्रमामुळे नाही, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या एका कार्पेंटरबाईंनी तिच्याबद्दल मासिकात वाचून स्वतःहून पत्र लिहिलं आणि पुढे घरात ठेवून घेतलं म्हणून. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला तो १८८५ चा फोटो आठवतोय का, आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत आणि तिसरी सीरियाची साबात इस्लांबूली तिच्या तिकडच्या पेहरावात? ते बॉकनरचं तिसरं वर्तुळ म्हणतेय ना मी, ते हे. तिघी एकमेकींसारख्या दिसायला काही गेल्या नाहीत.

युनिव्हर्सिट्या आपल्या परीने काहीतरी करतात, नाही असं नाही. इलिनॉय युनिव्हर्सिटीने २०१५ मध्ये त्यांच्या फुटबॉल मॅचची कॉमेंट्री चक्क चिनीत सुरू केली होती. मला आयडिया मस्त वाटली, पण खरं सांगू, मॅच कळायला कॉमेंट्रीपेक्षा शेजारी बसून 'आता हे का थांबले' असं ज्याला विचारता येईल तो एक माणूस लागतो.

यावरून तुझ्या दिवाळीवर येते. तू बोलावलंस, चांगलं केलंस, पण मला सांग, ते चौघं तिथं आल्यावर त्यांच्याशी कोण बोललं? स्टेजवर हिंदीत अँकरिंग, बॉलिवूड मेडली, तू स्वतः बहुतेक डान्समध्ये नाहीतर फराळाच्या टेबलावर, आणि ते कोपऱ्यात. फोन नाही बघणार तर काय करतील. अर्धा तास थांबले हेच खूप म्हणायचं. शंभर माणसांच्या गर्दीत कुणी मिसळत नाही, तिथं फक्त आधीच मिसळलेले लोक नाचतात. आणि आपली पोरं अशा वेळी डोळ्यांवरून, नावांवरून, वटवाघळांवरून फालतू जोक मारतात ते पण मला माहितीये, तसं काही त्यांच्या कानावर गेलं नाही ना, याची जरा चौकशी कर.

गलवान. अगं बाई, जेवताना? आपले वीस जवान गेले तिथं, राग असणं अगदी समजू शकते, पण ती पोरगी चेंगडूहून डेटा सायन्स नाहीतर तसंच काहीतरी शिकायला आलीये, तिच्याकडे त्याचं उत्तर नाहीये, आणि असलं तरी ती देणार नाही, कारण तिच्यासाठी असं बोलणं जोखमीचं असू शकतं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या आठ देशांत शिकणाऱ्या ३२ चिनी आणि हाँगकाँगच्या मुलांशी बोलून रिपोर्ट काढला होता, त्यात काहींनी सांगितलं की इकडे काही बोललो किंवा मोर्चाला गेलो तर तिकडे आईबाबांकडे पोलीस पोचतात. कोण कुणाचं काय कळवेल याचा भरोसा नाही, म्हणून आपल्याच देशातल्या मुलांपासून पण लपून राहणारे असतात. दुसरीकडून अमेरिका संशय घेते, २०२० पासून तिकडच्या सैन्याशी संबंध असलेल्या विद्यापीठांतून आलेल्या मास्टर्स-पीएचडीच्या मुलांना व्हिसा नाकारतात, २०२५ च्या मेमध्ये तर परराष्ट्रमंत्री रुबिओंनी चिनी विद्यार्थ्यांचे व्हिसा जोरात रद्द करू असं जाहीरच केलं होतं. अशात ताट उचलून आत जाणं हा शहाणपणा झाला, त्याला उद्धटपणा म्हणू नकोस. हे विषय तिने काढले तर बोल, तू काढू नकोस, आणि वीचॅटवर तर चुकूनही नाही, तिथले मेसेज तपासले जातात.

बाबांना काय सांगायचं? वाद घालू नकोस. त्यांना सांग की फ्लॅटमेट आहे, गॅसचं आणि इंटरनेटचं बिल अर्धं भरते, वेळेवर भरते. बाप लोकांना एवढं पुरतं.

दाराचं मनावर घेऊ नकोस. चीनमध्ये कॉलेजच्या होस्टेलला एका खोलीत चार-सहा मुली सर्रास असतात, तिला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं असेल तर लावू दे की. शिवाय तुमच्याकडे संध्याकाळ म्हणजे चेंगडूला दुसऱ्या दिवसाची सकाळ, तेरा-चौदा तासांचा फरक, आईशी व्हिडिओ कॉलची ती एकच वेळ. तू पण सांगलीला फोन करताना दार लावतच असशील.

काही जण शिष्ट पण असतात हं, ते नाकारत नाही मी. ग्रुपमधल्या तिघांपैकी एखादा नग असू शकतो ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, घरचा पैसा आहे, डिग्री घेऊन जायचंय. असू दे. त्याच्याशी कामापुरतं बोल. तिघांशी एकदम मैत्री करायला जाऊच नकोस, त्यातल्या ज्याच्याबरोबर तुझं कामाचं सेक्शन कॉमन आहे त्या एकाबरोबर लायब्ररीत बसून काम कर, दोघंच असलात की भाषा आपोआप इंग्लिश होते, कुणाला कंपल्सरी करावी लागत नाही.

आता ज्या गोष्टीवर तू पत्रात एक वाक्य टाकून पुढे गेलीस त्याकडे येते. तिने तुला हॉटपॉटला बोलावलं होतं! मिसळत नाही म्हणतेस आणि पहिलं आमंत्रण तिचंच, ते पण घरच्या जेवणाचं. तू नाही म्हटलंस, कारण खरं होतं, पण तिच्या बाजूने बघ, तिने हिंमत करून विचारलं आणि नकार आला, आता परत विचारायची पाळी तुझी. हॉटपॉट म्हणजे टेबलावर मधे उकळता रस्सा आणि जो तो आपल्याला हवं ते त्यात शिजवून खातो, त्यामुळे व्हेजवाल्याची सोय होते, फक्त आधी बोलावं लागतं. मधे पत्रा असलेलं दोन खणांचं भांडं मिळतं, बऱ्याच चिनी घरांत असतंच. सिचुआनच्या, म्हणजे तिच्या चेंगडूकडच्याच, लाल तिखट रश्शाच्या पाकिटात बहुतेक वेळा बीफची चरबी असते, ते नीट विचार, लेबल तिला वाचायला सांग, आणि तुझ्या खणात टोमॅटोचा किंवा मशरूमचा रस्सा घे, त्यातही हाडांचा अर्क नाहीये ना ते बघ. टोफू, मशरूम, कोबी, बटाट्याच्या चकत्या, कमळकाकडी, हे सगळं एशियन ग्रोसरीत एका चकरेत मिळतं, तर सामान आणायलाच दोघी मिळून जा, बसमध्ये बोलायला विषय आपोआप निघतो. सांगलीची आहेस म्हणजे ठेचा असणारच डब्यात, तो काढ. चेंगडूच्या मुलीला तिखटाचं कौतुक सांगावं लागत नाही, आणि मिरची तशी दोघींच्याही देशात बाहेरूनच आलेली, याच अमेरिका खंडातून.

तिला असा मेसेज टाक: 'त्या दिवशी मी मांस खात नाही म्हणून नाही म्हटलं, तुझ्याबरोबर जेवायचं नव्हतं म्हणून नाही. या शनिवारी व्हेज हॉटपॉट करूया का, सामान आणायला मी पण येते.' दारावर टकटक करण्यापेक्षा मेसेजच बरा, तिला उत्तर लिहायला वेळ मिळेल. आणि तुझ्या खणाचा झारा वेगळा ठेवायचा हे आधीच सांगून टाक, तिला राग येणार नाही.